आरव्हीच्या जनरेटरला काय पाजायचं: पेट्रोल, प्रोपेन की डिझेल?

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर (स्वतः चालणारं मोटरहोम किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर), घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबात "गॅस संपला" हे वाक्य जपून उच्चारावं. नवऱ्याला वाटतं गाडीचं पेट्रोल संपलं, सासूबाईंना वाटतं शेगडी विझली. दोन्ही वेळा धावपळ होते, पण वेगवेगळ्या दिशांना. म्हणून या लेखापुरतं ठरवून टाकते: गाडीत भरतात ते पेट्रोल, टाकीत भरून शेगडीला लावतात ते प्रोपेन. आणखी एक शब्द आधीच सोडवून घेऊ. आपल्याकडे 'इन्व्हर्टर' म्हणजे लाइट गेल्यावर पंखे चालवणारी बॅटरी. इथला 'इन्व्हर्टर जनरेटर' इंजिनावरच चालतो. फक्त तो लोड पाहून इंजिनाचा वेग कमी-जास्त करतो आणि स्वच्छ वीज देतो.

बहुतेक जण आधी जनरेटर घेतात आणि मग त्याला लागेल ते इंधन वाहत बसतात. आम्हीही तेच केलं होतं. माझं आता मत असं की क्रम उलटा हवा. तुमच्या गाडीत आधीपासून कोणतं इंधन आहे, त्यातून आणखी कोण कोण पितं आणि ते संपलं तर पुन्हा कुठे मिळेल, हे आधी पाहायचं. इंजिनाचा विचार त्यानंतर. हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या जागी, म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर किंवा नॅशनल फॉरेस्टमध्ये, आठवडाभर राहायचं असेल तर हाच हिशेब उपयोगी पडतो.

पहिली पायरी: दिवसाला वीज किती लागते?

एसी सोडून हिशेब करा. एसीचं वेगळं प्रकरण आहे, त्याकडे नंतर येते. चार माणसांच्या आमच्या ट्रेलरचा थंडीतला दिवस साधारण असा असतो. बारा व्होल्टचा फ्रिज दिवसभरात ०.७ युनिट घेतो. प्रोपेनच्या भट्टीचा पंखा, म्हणजे फर्नेसचा ब्लोअर, सुमारे ८५ वॉटचा. रात्री दहा तासांत निम्मा वेळ चालला तरी ०.४ युनिट. सासरे सोबत असले की त्यांचं झोपेत श्वासाला मदत करणारं सीपॅप मशीन आर्द्रता बंद ठेवून ०.३ युनिट. उपग्रह इंटरनेट संध्याकाळी पाच-सहा तास लावलं तर ०.४. दिवे, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप मिळून आणखी ०.४. बेरीज सव्वादोन युनिटांच्या आसपास. (युनिट म्हणजे आपलं नेहमीचं, वीजबिलातलं, एक किलोवॉट-तास.)

यात स्वयंपाक नाही, आणि तो मुद्दामच नाही. इन्स्टंट पॉट हजार वॉट खेचतो, इंडक्शन अठराशेपर्यंत जातं. वरणभात प्रोपेनच्या शेगडीवर साध्या कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत होतो, त्यासाठी इंजिन सुरू करण्यात अर्थ नाही. भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा असतो आणि इथे वीज १२० व्होल्टची, त्यामुळे ओली चटणी घरूनच वाटून नेलेली बरी.

दुसरी पायरी: चार्जर पाहा, जनरेटर नव्हे

ही गोष्ट मला दुसऱ्या वर्षी कळली. ट्रेलरसोबत येणारा कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरी भरणारा चार्जर, बहुधा ५५ अँपिअरचा असतो. म्हणजे बॅटरीत तो जास्तीत जास्त साडेसातशे वॉटच्या आसपास ओततो. बाहेर दोन हजार वॉटचा जनरेटर ठेवा की चार हजारचा, सव्वादोन युनिटं भरायला तीन-सव्वातीन तास लागणारच. मोठा जनरेटर तेवढ्याच वेळात जास्त इंधन पितो आणि जास्त आवाज करतो, इतकाच फरक.

आकडे पाहा. होंडाच्या ईयू २२०० आय या सर्वपरिचित जनरेटरची टाकी ०.९५ गॅलनची, म्हणजे सुमारे ३.६ लिटरची. कंपनीच्या आकड्यांनुसार पूर्ण, म्हणजे १८०० वॉटच्या लोडवर ती ३.२ तास चालते आणि पाव लोडवर ८.१ तास. आमचा चार्जर बाहेरून नऊशे वॉटच्या आसपास घेतो. त्या लोडवर सव्वातीन तासांना ०.६ गॅलनपर्यंत पेट्रोल जातं, म्हणजे सव्वादोन लिटर. पाच गॅलनचा एक लाल कॅन आठ दिवस पुरतो. मोटरहोमच्या पोटात बसवलेला चार हजार वॉटचा ओनान कंपनीचा जनरेटर मात्र अर्ध्या लोडवरच ताशी अर्ध्या गॅलनच्या आसपास पितो. त्याच्यावर फक्त बॅटरी भरणं म्हणजे दूध आणायला ट्रक काढणं.

बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर शेवटची वीस टक्के भरताना ती फार हळू घेते. तेवढ्यासाठी जनरेटर चालू ठेवू नका. सकाळी दीड-दोन तास इंजिनावर मोठा घास भरवा आणि उरलेलं छपरावरच्या सोलरवर सोडा. लिथियम (एलएफपी) बॅटरीचं तसं नाही. ती जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण वेगाने घेते. शंभर अँपिअर-तासाच्या एका लिथियम बॅटरीत सव्वा युनिट मावतं. तितक्याच क्षमतेच्या लेड-ॲसिडमधलं निम्मंच वापरावं, नाहीतर ती लवकर मरते.

तिसरी पायरी: गाडीत काय आहे, त्यातून कोण पितं

भाड्याच्या क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या) मोटरहोममध्ये जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो. सोय मोठी आहे, फक्त त्यातली एक खोच माहीत हवी. आमच्या पहिल्याच सहलीत लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये रात्री नऊच्या सुमारास जनरेटर खोकला आणि बंद पडला. नवऱ्याने सगळे फ्यूज काढून पाहिले. मी माहितीपुस्तकाची दीडशे पानं टॉर्चच्या उजेडात चाळली. शेजारच्या ट्रेलरमधले एक आजोबा आले, त्यांनी ना झाकण उघडलं ना पान उलटलं. ड्रायव्हरच्या जागी बसून चावी फिरवली आणि पेट्रोलच्या काट्याकडे बोट दाखवलं. पाव टाकीच्या खाली गेला होता. जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम वरच बसवलेली असते. तुम्ही रात्रभर एसी चालवलात तरी परत शहर गाठण्याएवढं पेट्रोल गाडीला उरावं, म्हणून. म्हणजे ५५ गॅलनच्या टाकीतले जनरेटरच्या वाट्याला येतात ते सुमारे ४०, आणि तुम्ही मुक्कामाला पोचेपर्यंत गाडीने प्यायलेलं त्यातूनच वजा. जंगलात शिरण्याआधी शेवटच्या पंपावर टाकी काठोकाठ भरा.

ओढायचा ट्रेलर असेल तर पुढे पिकअप किंवा एसयूव्ही असते आणि तिच्यात बहुधा पेट्रोल असतं. अशांना छोटा पेट्रोल जनरेटर सरळ पडतो. कॅनमधलं पेट्रोल सहलीच्या शेवटी उरलं तर गाडीत ओतून टाकता येतं, शिळं होत नाही. प्रोपेनचं असं करता येत नाही.

मोठा डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेलं बसएवढं मोटरहोम) किंवा डिझेलवरची स्प्रिंटर व्हॅन असेल तर? पुशरमध्ये डिझेल जनरेटर कंपनीनेच बसवलेला असतो. विषय संपला, तोच वापरा. गॅलनमागे सर्वाधिक ऊर्जा डिझेलमध्येच आहे, सुमारे १,३७,००० बीटीयू (हे उष्णता मोजायचं इथलं एकक). दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये १,१२,००० च्या आसपास, प्रोपेनमध्ये ९१,५००. पण डिझेल जनरेटर अगदी हलक्या लोडवर तासन् तास चालवला तर धुराड्यात अर्धवट जळलेलं इंधन साचतं, म्हणून त्याला काम द्या: चार्जर, पाणी तापवणं, सगळं एकदम. कडक थंडीत डिझेल घट्ट होतं; उन्हाळ्यात ॲरिझोनात भरलेलं डिझेल घेऊन थेट वायोमिंगच्या थंडीत जाऊ नका. छोट्या व्हॅनसाठी उचलून नेण्याचा डिझेल जनरेटर मी सुचवणार नाही. जड असतो, आणि आवाज असा की शेजारी लक्षात ठेवतात.

चौथी पायरी: प्रोपेनचा मोह

प्रोपेनच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. वर्षभर ठेवलं तरी खराब होत नाही. कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरत नाही. सांडत नाही, हाताला वास येत नाही. ट्रेलरच्या नाकावर दोन टाक्या तशाही असतातच. म्हणून दोन्ही इंधनांवर चालणारा 'ड्युअल फ्युएल' जनरेटर घ्यावा असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटलं.

पण त्या टाकीतून आधीच तीन जण पितात: भट्टी, गीझर, शेगडी, आणि जुना ट्रेलर असेल तर फ्रिजसुद्धा. वीस पौंडांच्या टाकीत साधारण ९ किलो प्रोपेन मावतं, म्हणजे ४.७ गॅलन, आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा बरंच कमी. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून अदलाबदल करून घेतलेल्या टाकीत तर बऱ्याचदा १५ पौंडच भरलेले असतात. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरवर अशा वीस पौंडांतून पंधरा युनिटांच्या आसपास वीज निघते. चार्जरमधली गळती धरता आमच्या हिशेबाने हे पाच दिवस झाले. आता भट्टी पाहा. तीस हजार बीटीयूची भट्टी चालू असेल तेव्हा ताशी तिसरा हिस्सा गॅलन जाळते. थंडीच्या रात्री ती पाच तास पेटली तर दीड गॅलनहून जास्त गेलं, एका रात्रीत. जनरेटरने दुपारी प्यायलेलं प्रोपेन पहाटे चार वाजता भट्टीला कमी पडतं. तेव्हा बॅटरी भरलेली असते, पंखा गारेगार हवा फेकत असतो आणि सगळं घर तुमच्याकडे पाहत असतं.

दुसरी अडचण थंडीची. टाकीत प्रोपेन द्रवरूपात असतं आणि वायू होण्यासाठी त्याला भोवतालची उष्णता लागते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे इथल्या थंडीतही ते वायू होतं. (भारतातल्या एलपीजीत ब्युटेनही मिसळलेलं असतं आणि ब्युटेन शून्याच्या जरा खालीच हट्ट धरतं. तिकडचा अनुभव इकडे लावू नका.) पण होण्याचा वेग मंदावतो. टाकी अर्ध्याच्या खाली असेल, बाहेर बर्फ असेल आणि इंजिन जोरात ओढत असेल तर टाकीवर पांढरं हिव धरतं, दाब पडतो, जनरेटर धापा टाकतो. टाकीला शेगडी लावून ऊब देण्याचा विचारही नको, आणि टाकी आरव्हीच्या आत तर कधीच आणायची नाही. थंडीत मोठी किंवा भरलेली टाकी जोडायची, बस.

तिसरी गोष्ट जोडणीची, आणि इथे पुष्कळ जण फसतात. ट्रेलरच्या बाजूला बार्बेक्यूसाठी प्रोपेनचं तोंड असतं. त्यातून येणारा दाब रेग्युलेटरने आधीच कमी केलेला असतो. ड्युअल फ्युएल जनरेटरसोबत येणाऱ्या नळीत मात्र स्वतःचा रेग्युलेटर असतो आणि तो थेट टाकीला लावायचा असतो. दोन्ही एकापुढे एक लावले की जनरेटर उपाशी राहतो. सुरू होतो आणि लोड टाकताच मरतो. तक्रार जनरेटरची होते, दोष जोडणीचा असतो.

पूर्वेकडे राहणाऱ्यांनी बोगद्यांचेही नियम पाहावेत. बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेलमधून प्रोपेनच्या नेहमीच्या टाक्या घेऊन आरव्हीला जाता येत नाही, वळसा घ्यावा लागतो.

तरीही ड्युअल फ्युएल घ्यावा का? माझं उत्तर हो, पण पेट्रोल पहिलं आणि प्रोपेन राखीव. आणि त्या राखीवसाठी तिसरी, वेगळी टाकी. भट्टीच्या दोन टाक्यांना हात लावायचा नाही.

पाचवी पायरी: उंचीची कात्री

विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते. ठोकताळा असा: सुरुवातीच्या पाचशे फुटांनंतर दर हजार फुटांमागे साडेतीन टक्के. ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे, आपल्या कळसूबाईच्या बरंच वर. तिथे १८०० वॉटचा जनरेटर १४०० वर येतो. प्रोपेनवर चालवला तर आणखी सुमारे दहा टक्के कमी, म्हणजे साडेबाराशे. ब्राइस कॅन्यनकडे आठ हजार फुटांवर त्याहून कमी. चार्जरला एवढं पुरतं, एसीला नाही. ओनानच्या कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलांवर उंचीसाठी एक बटण फिरवायचं असतं. वर जाताना फिरवलंत तर खाली उतरल्यावर आठवणीने परत आणा.

आता एसीचं. १३,५०० बीटीयूचा छपरावरचा एसी चालताना दीड हजार वॉटपर्यंत घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या जवळपास दुप्पट. सुरुवातीचा हा झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्ट बसवला तर समुद्रसपाटीजवळ २२०० वॉटचा जनरेटर तो कसाबसा उचलतो. मोठ्या जनरेटरवर दिवसाचे आठ तास चालवला तर चार गॅलन पेट्रोल गेलं समजा. इंधन कोणतंही निवडा, हे परवडत नाही. त्यापेक्षा मुक्काम वर हलवा. दर हजार फुटांना तापमान साडेतीन फॅरनहाइटच्या आसपास उतरतं. जानेवारीत क्वार्टझाइटच्या वाळवंटात, जुलैत फ्लॅगस्टाफच्या पाइनमध्ये; आरव्हीवाली जुनी मंडळी हेच करतात आणि त्यांचे एसी धूळ खात पडलेले असतात.

सहावी पायरी: परत कुठे भरायचं

निघण्यापूर्वी नकाशावर दोन खुणा करा: शेवटचा पंप आणि प्रोपेन भरून देणारं शेवटचं ठिकाण. दोन्ही एकाच जागी असतीलच असं नाही. पेट्रोल रात्री दोन वाजताही कार्डावर मिळतं. प्रोपेन भरायला माणूस लागतो. तो पाचला घरी जातो आणि गावाकडे रविवारी येतच नाही. यूटातल्या ग्रीन रिव्हरपासून सलायनापर्यंत आय-७० वर सुमारे ११० मैल एकही पंप नाही. टाक्यांवरची तारीखही पाहा: उचलून नेण्याच्या प्रोपेन टाकीची मुदत बनवल्यापासून बारा वर्षांची, ती उलटली की पुन्हा तपासल्याशिवाय भरून देत नाहीत. हे काउंटरवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसच राहता येतं, त्यामुळे एका फेरीत दोन आठवड्यांपेक्षा जास्त इंधन वाहण्याचं कारणच पडत नाही. आमच्यासारख्यांना पाच गॅलनचे दोन कॅन ही वरची मर्यादा.

सोलरचा एक शब्द. नैऋत्येच्या उन्हात शंभर वॉटचं पॅनेल दिवसाला ०.४ युनिटच्या आसपास देतं. छपरावर चारशे वॉट असतील तर निरभ्र दिवशी आमचा अर्ध्याहून जास्त खर्च निघतो आणि पाच गॅलन पेट्रोल दोन आठवडे टिकतं. चालत्या गाडीतून चार्ज करणारा तीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर असेल तर दोन तासांच्या प्रवासात आणखी पाऊण युनिट येतं. पुढच्या वर्षी काय घेऊ असं कोणी विचारलं तर मी मोठा जनरेटर सांगत नाही, आणखी दोन पॅनेल सांगते. कॅलिफोर्नियातल्यांनी हे जास्तच मनावर घ्यावं: राज्याच्या नियमानुसार २०२८ च्या मॉडेलपासून नवे विकले जाणारे पोर्टेबल जनरेटर धूर न सोडणारे असावे लागतील. तुमच्याकडचा जुना वापरायला त्याने बंदी होत नाही.

सातवी पायरी: ठेवणं, भरणं, चालवणं

पेट्रोलचा कॅन लाल, डिझेलचा पिवळा. रंग पाळा, घाईत चूक होते. कॅन भरताना तो जमिनीवर ठेवा. पिकअपच्या प्लास्टिक अस्तरावर ठेवून भरला तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. भरलेला कॅन आरव्हीच्या आत नाही, आणि मागच्या बंपरवर तर नाहीच. मागून कोणी धडकलं तर पहिला मार त्यालाच. जनरेटर गरम असताना पेट्रोल ओतू नका. तो बंद करा, चहा करा, प्या, मग ओता.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. प्रोपेनवरचा जनरेटरही तो सोडतो. "स्वच्छ इंधन आहे, चालतंय" हा समज जिवावर बेतणारा आहे. जनरेटर किमान २० फूट दूर, धुराडं आपल्यापासून आणि शेजाऱ्याच्या तंबूपासून पलीकडे, वारा बदलला तर जागाही बदला. पाऊस आला म्हणून तो छत्राखाली, ऑनिंगखाली ओढू नका. झोपताना बंद. आतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दर सहलीआधी बटण दाबून तपासा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतं म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत असतो. त्यापुढे चपला आणि पिशव्या रचू नका.

नॅशनल पार्कांत जनरेटरला ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे आणि कॅम्पग्राउंडवर चालवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. मोकळ्या जमिनीवर कोणी मोजायला येत नाही. तरी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळच्या जेवणानंतर आम्ही चालवत नाही. कोरड्या गवतावर ठेवू नका, स्पार्क अरेस्टर (धुराड्यातल्या ठिणग्या अडवणारी जाळी) असलेलाच जनरेटर घ्या आणि उन्हाळ्यात रेंजर स्टेशनला फोन करून आगीचे निर्बंध विचारा.

घरी परतल्यावर दहा मिनिटं आणखी द्या. दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल महिना-दोन महिन्यांत कार्ब्युरेटरमध्ये डिंक धरायला लागतं. कॅनमधलं उरलेलं गाडीत ओता. छोट्या जनरेटरचा इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. पोटात बसवलेल्या ओनानला कोरडा ठेवायचं नसतं. त्याला महिन्यातून एकदा दोन तास अर्ध्या लोडवर चालवायचं असं कंपनीच सांगते. आम्ही त्यासाठी महिन्याचा पहिला शनिवार ठरवला होता. ड्राइव्हवेवर उभ्या मोटरहोममध्ये एसी लावून मुलं आत गृहपाठ करायची.